तान्हीं मुलें घेऊन परदेशच्या करमणूक-नगरीस
(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हसूं आलें असेल. ज्यानें जन्मभर लहान गांवच्या शाळेंत पाढे आणि शुद्धलेखन शिकविलें, ज्याचें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकच्या पुढें गेलें नाहीं, त्या माणसानें विमानप्रवासावर आणि अमेरिकेंतील करमणूक-नगरीवर बोलावें, हें थोडेंसें चमत्कारिक खरेंच. परंतु २०२४ सालच्या मे महिन्यांत माझा मुलगा, सून, साडेतीन वर्षांची नात, आठ महिन्यांचा नातू आणि आम्ही उभयतां असे सहा जण अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत ऑर्लँडो या गांवीं जाऊन आलों. तेथें माझ्या हातून एक चूक घडली. ती वेळींच ध्यानांत आली म्हणून निभावलें. ती चूक कोणती, तिचें शास्त्रीय कारण काय, आणि लहान मुलें बरोबर असतां असा प्रवास कोणत्या रीतीनें करावा, हें सांगणें मला कर्तव्य वाटतें.

प्रथम ही नगरी म्हणजे काय, तें सांगतों. आपल्याकडे जत्रेंत पाळणे असतात, चक्रें असतात, मौतका कुआं असतो; परंतु प्रत्येकाचा तंबू वेगळा आणि मालक वेगळा. एखादी कथा किंवा कल्पना मनाशीं धरून तिच्याभोंवतीं घरें, बागा, नौका, आगगाड्या, पाळणे, वेषधारी पात्रें या सर्वांची एकत्र मांडणी केली, म्हणजे त्या जागेस थीम पार्क म्हणतात. वॉल्ट डिस्ने यांनीं १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांत ॲनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें. फ्लोरिडांतील वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा पहिला विभाग, मॅजिक किंग्डम, १ ऑक्टोबर १९७१ रोजीं सुरू झाला. पुढें टोकियोस १९८३ सालीं, पॅरिसजवळ १९९२ सालीं, हाँगकाँगला २००५ सालीं आणि शांघायला २०१६ सालीं अशाच नगऱ्या उभ्या राहिल्या. आपल्या महाराष्ट्रांतही खोपोलीजवळ इमॅजिका हें उद्यान २०१३ पासून आहे. ऑर्लँडोच्या नगरींत आज चार मोठीं उद्यानें असून तिचा एकंदर विस्तार सुमारें शंभर चौरस किलोमीटर आहे. एका दिवसांत दहा-बारा किलोमीटर चाल तेथें सहज होते, हें मी माझ्या गुडघ्यांच्या साक्षीनें सांगूं शकतों.

आतां पहिला प्रश्न असा कीं, इतक्या लहान मुलांस न्यावें कीं न न्यावें? आमच्या घरीं या प्रश्नावर आठ दिवस वाद चालला होता. आमच्या घरांतून म्हणणें असें कीं, "ज्याला अजून दांत आले नाहींत, त्याला अमेरिका कशाला दाखवायची?" मुलाचें म्हणणें असें कीं, "अण्णा, तुमचे गुडघे आज चालताहेत. बाळ मोठा होईपर्यंत थांबलों, तर तुम्ही दोघें येणार आहांत का?" दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य होतें. तीन वर्षांच्या आंतील प्रसंग मोठेपणीं बहुधा कोणास आठवत नाहींत. तेव्हां तान्ह्या बाळासाठीं म्हणून कोणी हा खर्च करूं नये. प्रवास मोठ्यांच्या आनंदासाठीं आहे, बाळ आपल्याबरोबर येतें आहे, हें मनाशीं स्पष्ट असावें. एकदां हें स्पष्ट झालें, म्हणजे दुसरी गोष्ट आपोआप ध्यानांत येते: ज्याला या प्रवासापासून कांहीं लाभ नाहीं, त्याला निदान त्रास तरी होऊं नये, ही जबाबदारी सर्वस्वीं आपली.

व्यवहाराच्या कांहीं गोष्टी आधीं सांगून टाकतों. बाळ कितीही लहान असलें, तरी त्याला स्वतंत्र पासपोर्ट आणि स्वतंत्र व्हिसा लागतो. आईच्या पासपोर्टावर त्याचें काम भागत नाहीं. दोन वर्षांच्या आंतील बाळास विमानांत आईच्या मांडीवर नेतां येतें, आणि त्याचें भाडें बहुधा मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, अधिक कर, असें पडतें. मात्र प्रवासाच्या मध्यंतरीं बाळास दोन वर्षें पूर्ण होत असतील, तर परतीच्या वाटेवर त्याला स्वतंत्र जागा घ्यावी लागते. ही गोष्ट कित्येकांच्या ऐन वेळीं लक्षांत येते. ऑर्लँडोच्या डिस्ने उद्यानांत तीन वर्षांच्या आंतील मुलांस प्रवेशमूल्य नाहीं. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांचें तिकीट मोठ्यांहून थोडें कमी असतें. तिसरी गोष्ट विम्याची. अमेरिकेंत डॉक्टरकडे एक खेप घातली तरी खिसा रिकामा होतो. म्हणून बाळाच्या नांवाचाही प्रवासविमा उतरावा, आणि त्यांत काय येतें व काय येत नाहीं, तें निघण्यापूर्वीं वाचून पाहावें.

यानंतर डॉक्टरांचा सल्ला. गोवर हा रोग गेल्यासारखा वाटतो, परंतु गेलेला नाहीं. डिसेंबर २०१४ मध्यें कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँडमधूनच गोवराची एक मोठी सांथ पसरली. तेव्हां त्या राज्यांत सांपडलेल्या पहिल्या ११० रोग्यांपैकीं १२ जण तर लस देण्याचें वयही न झालेलीं तान्हीं बाळें होतीं. गोवराचा रोगी खोलींतून निघून गेल्यावरही त्याचे जंतु दोन तासांपर्यंत हवेंत राहूं शकतात. मग जेथें जगाच्या पाठीवरचीं माणसें एका छपराखालीं रांगेंत उभीं राहतात, तेथें काय होईल, याचा विचार करावा. आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. परदेशीं जाणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळास ती आधीं द्यावी, असा अमेरिकन आरोग्यखात्याचा सल्ला आहे. आमच्या नातवास आमच्या बालरोगतज्ज्ञांनीं ती निघण्यापूर्वीं तीन आठवडे टोंचली. लसीचा गुण येण्यास निदान दोन आठवडे लागतात, म्हणून ऐन वेळेपर्यंत थांबूं नये. अशी वेळेआधीं दिलेली ही मात्रा पुढील नेहमींच्या मात्रांत धरीत नाहींत; त्या पुन्हा घ्याव्याच लागतात.

आतां विमानाकडे वळूं. मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत विमान न थांबतां गेलें, तरी पंधरा-सोळा तास लागतात. पुढें ऑर्लँडोस जावयाचें तें वेगळें. विमान दहा-अकरा हजार मीटर उंचीवरून जातें, परंतु आंतील हवेचा दाब यंत्रानें राखलेला असतो. तो दाब समुद्रसपाटीसारखा मात्र नसतो. सुमारें अठराशें ते चोवीसशें मीटर उंचीच्या डोंगरावर असावा, तितकाच असतो. आपलें कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे पंधरा तास आपण बाळास घेऊन कळसूबाईहूनही उंच जागीं बसलेलों असतों, असें समजावें. निरोगी बाळास याचा त्रास होत नाहीं. परंतु ज्याचे दिवस भरण्यापूर्वीं जन्म झाला, किंवा ज्याच्या हृदयांत अगर फुप्फुसांत दोष आहे, त्याच्याविषयीं डॉक्टरांस विचारल्यावांचून निघूं नये.

विमान उतरूं लागलें कीं लहान मुलें एकाएकीं किंचाळूं लागतात. त्याचें कारण असें: कानाच्या पडद्याआडची पोकळी आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते. बाहेरचा दाब वाढूं लागला म्हणजे या नळीवाटे आंत हवा गेली पाहिजे, नाहीं तर पडदा आंत ओढला जाऊन दुखतो. बाळाची ही नळी अरुंद आणि आडवी असल्यामुळें लवकर उघडत नाहीं. गिळण्याच्या क्रियेनें ती उघडते. म्हणून विमान खालीं येऊं लागतांच बाळास अंगावर पाजावें किंवा बाटली द्यावी. मोठ्या मुलास घोंट घोंट पाणी द्यावें. विमान उतरण्यास आरंभ प्रत्यक्ष जमिनीला टेंकण्यापूर्वीं अर्धा तास होतो. तोंपर्यंत बाळाचें पोट भरलेलें नसावें, एवढें धोरण ठेवावें. ज्याला सर्दी झाली आहे, त्याला त्रास अधिक होतो.

तान्ह्या बाळासाठीं पुढच्या भिंतीला अडकविण्याचा एक पाळणा विमानांत मिळतो. ती जागा आधींच मागून ठेवावी लागते, आणि त्याला वजनाची मर्यादा असते. ती बहुधा दहा-अकरा किलोंच्या आसपास. विमान हेलकावे खाऊं लागलें, कीं बाळास पाळण्यांतून काढून मांडीवर बांधून घ्यावें लागतें. तेव्हां आईला सलग झोंप मिळेल, ही आशा धरूं नये. घरांतील मोठ्यांनीं पाळीपाळीनें जागावें. विमानांतली हवा अतिशय कोरडी असते, म्हणून पाजण्याच्या वेळा नेहमींपेक्षां वाढवाव्या. बाळाचें दूध आणि खाणें विमानतळावरील तपासणींत अडवीत नाहींत. मात्र तें वेगळें काढून दाखवावें लागतें. आणखी एक: बाळ झोंपावें म्हणून सर्दीचें किंवा दुसरें कोणतेंही गुंगीचें औषध आपल्या मनानें देऊं नये. श्वास मंदावण्याचा धोका त्यांत असतो, आणि कांहीं मुलें त्या औषधानें उलट अधिकच चळवळीं होतात.

येथून माझ्या चुकीची कथा सुरू होते. ती समजण्यासाठीं एक लहानसें अंकगणित करावें लागेल. उन्हाळ्यांत ऑर्लँडोचें घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेनऊ तास मागें असतें. आमचा नातू घरीं रात्रीं नऊ वाजतां झोंपतो. पुण्यांत रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हां ऑर्लँडोंत सकाळचे साडेअकरा झालेले असतात. म्हणजे जेव्हां आपण उद्यानांत ऐन भरांत असतों, तेव्हां बाळाची रात्र सुरू होते! आणि पुण्यांत सकाळीं सात वाजतां तो उठतो, तेव्हां ऑर्लँडोंत रात्रीचे साडेनऊ. आपण दमून अंथरुणावर पडतों आणि तो खेळावयास तयार. ही शरीरांतली घटिका एका दिवसांत फिरत नाहीं. दररोज ती साधारण तासभर सरकते. पहिल्या दिवशीं सकाळीं अकराच्या सुमारास नातीनें वाटेंत बसकण मारली आणि भोंकाड पसरलें. मीं तिला जुन्या मास्तरी थाटांत दटावलें. आज मला त्याची लाज वाटते. तो हट्ट नव्हता. ती मुलीची झोंपेची वेळ होती.

दुसऱ्या दिवशीं साडेअकराला नातू बाबागाडींत गाढ झोंपला. ऊन कडक होतें. मे महिन्यांत तेथें दुपारीं पारा एकतीस-बत्तीस अंशांपर्यंत जातो आणि हवा आपल्या कोंकणासारखी दमट असते. मुलगा आणि सून नातीस घेऊन एका रांगेंत उभीं होतीं. मीं खांद्यावरचें सुती उपरणें काढलें आणि बाबागाडीच्या टपावरून खालपर्यंत सोडलें. चारी बाजू नीट खोंचल्या. बाळावर सावली झाली, माशी बसणार नाहीं, उजेड लागणार नाहीं, असें मला वाटलें. आमच्या घरांतून कौतुकानें म्हणालीसुद्धां, "बघा, कसा शांत झोंपलाय." वीस-पंचवीस मिनिटांनीं सून आली, तिनें उपरणें उचललें, आणि तिच्या तोंडचें पाणी पळालें. बाळाचा चेहरा लालबुंद झाला होता, केंस घामानें चिकटले होते, अंग तापल्यासारखें गरम. आणि हाका मारल्या तरी तो डोळे नीट उघडीना.

तिनें त्याला उचललें आणि आम्ही सारे जवळच्या प्रथमोपचाराच्या खोलीकडे धांवलों. तेथील परिचारिकेनें त्याचे कपडे काढले, गार खोलींत ठेवून पाण्यांत बुडविलेल्या कापडानें अंग पुसलें, वारा घातला, आणि सुनेला थोडें थोडें पाजावयास सांगितलें. दहा मिनिटें त्यानें तोंड लावलें नाहीं. तीं दहा मिनिटें मीं भिंतीकडे तोंड करून उभ्यानें काढलीं. मग तो प्यायला, आणि अर्ध्या तासानें त्यानें आपल्या आजीचें मंगळसूत्र धरून ओढलें, तेव्हां आम्हां सर्वांस आपण श्वास घेत आहों, याची जाणीव झाली. सून मला एक शब्दही बोलली नाहीं. ती बोलली असती, तर बरें झालें असतें.

श्रोतेहो, मीं केलें तें प्रेमानेंच केलें. पण तें चूक कसें, हें परिचारिकेनें मला समजावून दिलें आणि परत आल्यावर मीं त्याविषयीं वाचलें. बाबागाडीवर कापड घातलें कीं ऊन अडतें हें खरें, पण त्याबरोबर वाराही अडतो. बाळाच्या अंगाची उष्णता आणि त्याच्या श्वासाची वाफ आंतच कोंडून राहते. सिडनी विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२३ सालीं याची मोजणी प्रसिद्ध केली. उन्हांत तासभर ठेवलेल्या बाबागाडीवर पातळ कोरडें कापड टाकल्यास आंतील उष्णता उघड्या गाडीपेक्षां अडीच अंशांहून अधिक वाढली. कापड ओलें ठेवलें आणि लहान पंख्यानें वारा दिला, तेव्हां उलट ती चार अंशांहून अधिक उतरली. यांत नवल नाहीं. आपल्या माठांतलें पाणी गार होतें, तें माठाच्या अंगावरील ओल सुकतांना उष्णता बरोबर घेऊन जाते म्हणून. कोरड्या कापडापाशीं सुकावयास कांहींच नसतें. मात्र जसा कोंकणांत पावसाळ्यांत माठ गार होत नाहीं, तसेंच अत्यंत दमट हवेंत ओल्या कापडाचा गुणही कमी पडेल. म्हणून त्याच्यावर विसंबून न राहतां दुपारचें बाळ सावलींत किंवा गार खोलींतच असावें.

शिवाय बाळाचें शरीर लहान, परंतु वजनाच्या मानानें त्याची कातडी अधिक. त्यामुळें बाहेरची उष्णता तें लवकर ओढून घेतें, आणि मोठ्या माणसासारखा घाम काढून तें स्वतःला गार करूं शकत नाहीं. त्याला अंगावरचें पांघरूण दूर सारतां येत नाहीं, उठून सावलींत जातां येत नाहीं. आणि सर्वांत घातक गोष्ट ही कीं, उष्म्यानें गळून गेलेलें बाळ रडत नाहीं. तें निपचित पडतें, आणि आपण त्याला शांत झोंप समजतों. म्हणून बाबागाडी पुढून नेहमीं उघडी ठेवावी, टपाची सावली पुरे. दर दहा मिनिटांनीं बाळाच्या मानेस आणि छातीस हात लावून पाहावा. लंगोट नेहमींपेक्षां कमी वेळां ओला होणें, तोंड कोरडें पडणें, रडतांना डोळ्यांत पाणी न येणें, टाळू खोल जाणें, हीं शरीरांतलें पाणी कमी झाल्याचीं लक्षणें. तीं दिसतांच डॉक्टरांकडे जावें.

येथें घरांतील आज्यांस एक विनंति. ऊन आहे म्हणून सहा महिन्यांच्या आंतील बाळास वरचें पाणी पाजूं नये. त्याचें पाणी आईच्या दुधांतच आहे. उन्हांत तें अधिक वेळां पाजावें म्हणजे झालें. वरचें दूध पिणाऱ्या बाळासही सांगितलेल्या प्रमाणांतच दूध करून तें अधिक वेळां द्यावें. त्यांत पाणी वाढवूं नये. मध तर एक वर्षाच्या आंत चाटवूंच नये. त्यांत क्वचित् असे जंतु असतात, कीं ज्यांचें विष बाळाचे स्नायू लुळे पाडतें. सहा महिन्यांच्या आंतील बाळास ऊन लागूं नये म्हणून लावावयाचा लेपही सहसा लावूं नये. झबलें, टोपी आणि सावली हींच त्याचीं साधनें. मोठ्या मुलांस मात्र तो लेप लावावा आणि दर दोन तासांनीं पुन्हा लावावा.

त्या दिवसानंतर आम्ही आमचा क्रमच पालटला, आणि गंमत अशी कीं, त्यानंतरच आम्हांस खरें सुख लागलें. मुलें पहांटे तीन-चारलाच उठत. त्यांना परत झोंपविण्याची खटपट न करतां आम्ही त्यांना खाऊं-पिऊं घालून उद्यानाचें दार उघडतांच आंत जात असूं. साडेदहापर्यंत हिंडणें, अकराला परत मुक्कामीं, दुपारभर झोंप, आणि ऊन उतरल्यावर वाटलें तर एक फेरी. दुपारीं बहुधा वळवासारखा गडगडाट होऊन पाऊस येई, तेव्हां आम्ही छपराखालीं असूं. एका दिवसांत सारें पाहण्याचा सोस आम्हीं सोडला. दोन दिवसांआड एक दिवस नुसता मुक्कामावर घालविला.

त्या उद्यानांत लहान मुलांची सोय चांगली आहे, हें सांगितलें पाहिजे. चारही विभागांत बालसंगोपनाची एक स्वतंत्र जागा आहे. तेथें आईला पाजावयास शांत खोली, लंगोट बदलण्याची सोय, अन्न गरम करण्याचें साधन आणि बसवून भरविण्याच्या खुर्च्या आहेत. विसरलेली वस्तु विकतही मिळते. बाहेरचें खाणें आंत नेऊं देतात, म्हणून आम्ही रोज मऊ भात आणि केळीं बरोबर नेत होतों. काचेचीं भांडीं नेतां येत नाहींत. बाळाच्या अन्नाची लहान बाटली तेवढी चालते. खाण्याच्या दुकानांत बर्फाचें पाणी फुकट मागून मिळतें. बाबागाडी ७९ सेंटिमीटरांहून रुंद आणि १३२ सेंटिमीटरांहून लांब असल्यास आंत सोडीत नाहींत. आणि ती रांगेंत नेतां येत नाहीं, बाहेर उभी करावी लागते, म्हणून तिला ओळखीची एखादी रंगीत चिंधी बांधावी.

जे पाळणे वेगानें फिरतात, त्यांना उंचीची अट आहे. सात बुटक्यांच्या खाणीची म्हणून जी गाडी आहे, तिला ९७ सेंटिमीटर उंची लागते. आमची नात ९५ भरली, आणि दोन बोटांनीं हुकलें म्हणून तिनें अश्रु गाळले. घरीं दाराच्या चौकटीशीं मुलाची उंची मोजून, कोणते पाळणे मिळतील हें निघण्यापूर्वींच त्याला सांगावें, म्हणजे हा प्रसंग टळतो. उडता हत्ती, लांकडी घोड्यांचें चक्र, बाहुल्यांची नौका यांना उंचीची अट नाहीं. तान्हें बाळही मांडीवर घेऊन बसतां येतें. शिवाय अशी एक सोय आहे कीं, एक पालक बाळापाशीं थांबतो, दुसरा पाळण्यांत बसून येतो. मग पहिल्याला पुन्हा मोठ्या रांगेंत उभें न राहतां जातां येतें. प्रवेशाच्या वेळींच तेथील सेवकास तसें सांगावें. वेषधारी पात्रांविषयीं एक सूचना: चित्रांतला उंदीर मुलाच्या हाताएवढा असतो, आणि समोर येतो तो आजोबांएवढा! आमच्या नातीनें त्याला पाहतांच माझ्या धोतरांत तोंड लपविलें. मुलास पुढें ढकलूं नये. दुरून हात हलवूं द्यावा. तिसऱ्या दिवशीं ती आपण होऊन त्याच्याकडे गेली.

गर्दींत मूल हरवण्याची भीति सर्वांनाच असते. रोज सकाळीं निघतांना त्या दिवशींच्या कपड्यांतलें मुलाचें छायाचित्र काढून ठेवावें, आणि बापाचा दूरध्वनी-क्रमांक मुलाच्या मनगटावर शाईनें लिहावा अगर कागदाच्या पट्टीवर बांधावा. नांवाचा बिल्ला लावलेल्या सेवकाकडे जावयाचें, हें मुलाला रोज एकदां म्हणवून घ्यावें. मोटारीविषयींही सांगतों: फ्लोरिडांत पांच वर्षांपर्यंतच्या मुलास मोटारींत त्याच्या वयाजोगत्या खास आसनांत बांधून बसविण्याचा कायदा आहे. आपल्या संवयीप्रमाणें मांडीवर घेऊन बसणें तेथें चालत नाहीं, आणि खरें पाहतां येथेंही चालवूं नये.

परत आल्यावर अनेकजण विचारतात, "मास्तर, पुन्हा न्याल का?" माझें उत्तर असें. मूल पांच-सहा वर्षांचें होईपर्यंत थांबणें शक्य असेल, तर थांबावें. तें स्वतः चालेल, बोलेल, आणि पाहिलेलें आठवील. थांबणें शक्य नसेल, तर मे-जून टाळून थंडीच्या महिन्यांत जावें, नाताळची गर्दी मात्र चुकवावी. तेव्हां तेथें दुपारींही बावीस-तेवीस अंशांची सुखद हवा असते. त्याआधीं जवळच्याच एखाद्या उद्यानांत मुलांसह एक दिवस काढून पाहावा. आपली आणि मुलांची ताकद किती, हें पन्नास कोसांवर कळतें, त्यासाठीं समुद्र ओलांडावयास नको. आणि दिवसाची आंखणी करतांना घरांतील सर्वांत लहान माणसाचें घड्याळ प्रमाण मानावें.

तें उपरणें मीं अजून वापरतों. बाळाच्या गाडीवर मात्र तें कधींच घालीत नाहीं, आणि शेजारपाजारीं कोणी भर दुपारीं गाडी झांकून जातांना दिसलें, तर ओळख असो वा नसो, त्यांना थांबवून सांगतों. कित्येकांना राग येतो. येऊं द्यावा. आज आपणां सर्वांस तेंच सांगावयाचें होतें. माझी वेळ संपत आली आहे.